लॉग टेबलातलं उत्तर

कर्जतच्या ज्युनियर कॉलेजात अकरावीला गणित शिकवायचो तेव्हा मला एक वाईट खोड होती. वर्गात कुणी मध्येच बोललं की मी त्याची अशी फिरकी घ्यायचो, की पुन्हा तोंड उघडायची त्याची हिंमत होत नसे. मुलं हसायची आणि मला ते आवडायचं.

त्या दिवशी लिमिट शिकवत होतो. साइन एक्स भागिले एक्स. कोन शून्याकडे सरकतो तसा हा भागाकार एकाकडे जातो. फळ्यावर एक लिहून मी त्याभोवती चौकोन काढला. तेवढ्यात पळसदरीहून येणारी एक मुलगी उभी राहिली. भातशेती करणाऱ्या घरातली, इंजिनियर व्हायचं म्हणून हट्टाने सायन्सला आलेली. गणित जमलं नाही तर पुढच्या वर्षी आर्ट्स, या अटीवर वडील तयार झाले होते. हे तिनेच मला प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं.

“सर, एक नाय येत. मी लॉग टेबलात बघितलं. एक डिग्रीचा साइन पॉइंट शून्य एक सात पाच हाय. अर्ध्या डिग्रीचा घेऊन भागलं तरी जवळपास तेवढंच येतंय.”

“वा! म्हणजे जगातली सगळी पुस्तकं चुकली, आणि लॉग टेबलवाल्या बाई तेवढ्या बरोबर!”

वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली.

त्याच दुपारी स्टाफरूममध्ये मी लॉग टेबल उघडलं. त्यातले कोन डिग्रीत होते. एक हे उत्तर येतं ते कोन रेडियन या दुसऱ्या मापात मोजला तरच. डिग्रीत मोजला तर तिचंच उत्तर बरोबर. ही अट वर्गात सांगायची मी वर्षानुवर्षं गाळत आलो होतो, आणि एवढ्या वर्षांत कुणी स्वतः आकडे मांडून मला पकडलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती नुसती लाज.

उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चूक कबूल करायचं जिवावर आलं. तिसऱ्या दिवशीही तेच. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली, मग यायचीच बंद झाली. दहाव्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं, पोरीला पुढच्या वर्षी आर्ट्सला घ्या म्हणून तिच्या वडिलांनी अर्ज दिलाय.

मी बाइक काढली आणि तडक पळसदरी गाठली. तिच्या आईने ओटीवर बसवलं, चहा दिला. मी वहीच्या कागदावर दोन्ही गणितं मांडून दाखवली. “तुझं बरोबर होतं. चूक माझी. अर्ज मागे घे.”

तिने कागद नीट वाचला. चेहरा क्षणभर उजळला, मग ती म्हणाली, “नको, सर. बाबांना मीच सांगितलं, मला नाय जमत. आता परत कुठल्या तोंडानं सांगू?” कागदाची घडी घालत तिने विचारलं, “तुमाला कधी कळलं, सर?”

“काल,” मी म्हणालो.

“मग तुमी तरी काय करणार? अर्ज तर परवाच दिला.”

तिची आई म्हणाली, “तरी बघ गं, सर कळल्या कळल्या धावत आले.”

मी मान खाली घालून चहा संपवला.