सत्तेचाळिसावी ओळ

दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेचारच्या सुमारास, सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी एका मुलीच्या टेबलातली एकशे त्रेसष्ट नावं घालवली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. ज्या वर्तमानपत्रात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका छापत आलो, तिथं तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे.

नावं जाणं ही चूक होती. चुका सगळ्यांच्याच होतात. मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल – आणि दुसऱ्या दिवशीच्या एका वाक्याबद्दल. पण आधी ती नावं कुणाची, हे सांगायला हवं.

मुलीचं नाव लावण्या. हजेरीपटावर तिचा नंबर माझ्या पुढचा, म्हणून आम्ही दोघं एका मशीनवर. लॉगिन एकच, पासवर्डही एकच – मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेला. प्रत्येकानं डेटाबेसमध्ये आपापलं टेबल, म्हणजे ओळी-रकान्यांची यादी, तयार करायची आणि परीक्षेत ती चालवून दाखवायची. निम्म्या वर्गानं ग्रंथालयाचं टेबल केलं होतं, निम्म्यानं हॉस्पिटलचं. सगळं मागच्या वर्षीच्या मुलांकडून उचललेलं. माझंही ग्रंथालयच होतं.

लावण्याचं टेबल खरं होतं. तिचे वडील, अंबादास, अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात कार्डं पाडायचे. चादरीवरची नक्षी मागावर उतरते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. डिझाइन एक जण कागदावर काढतो, कार्डं दुसरा पाडतो. चादरीवर कारखान्याचं लेबल लागतं; डिझाइन काढणाऱ्याचं नाव कुठंच राहत नाही. ते अंबादासांच्या डोक्यात होतं. कुठला मोर कुणी काढला, कुठली कोयरी कुणाची – तीस वर्षांचं सगळं. लावण्या रोज संध्याकाळी त्यांना विचारून वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये टाइप करायची. अशा एकशे चौसष्ट ओळी झाल्या होत्या.

त्यातली एक ओळ अपुरी होती. सत्तेचाळिसावी. चिंचेच्या पानांची किनार आणि मधे राघूंची जोडी – डिझाइन होतं, काढणाऱ्याचं नाव नव्हतं. वडील म्हणायचे, आठवत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला कळलं की ते त्यांनी स्वतःच काढलं होतं. आयुष्यात काढलेलं एकुलतं एक. सांगायला लाजत होते.

ती त्या दुपारी बहिणीला घेऊन दवाखान्यात होती. तिथून तिनं मला फोन केला.

"सत्तेचाळीसला पप्पांचं नाव टाक की रे. त्यांचंच हाय ते, उगं लाजायलेत. वहीत मी लिहून टाकलंय. टेबलात तेवढं तू कर."

टेबलातली नोंद बदलायची तर 'अपडेट' अशी आज्ञा द्यायची. नवीन नाव लिहायचं. मग 'व्हेअर' हा शब्द लिहून कुठली ओळ ते सांगायचं. ते सांगितलं नाही तर मशीन सगळ्या ओळी बदलतं. शंका विचारत नाही. ही चूक शिकाऊ माणूसच करतो. मी ती करणाऱ्यांपैकी नव्हतो, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं – मला सर्वांत जास्त. आदल्याच आठवड्यात आमच्या वर्गातला इरफान व्हेअर विसरला, तेव्हा मी भर वर्गात म्हणालो होतो, "व्हेअर विसरणाऱ्यानं कॉमर्सला जावं." वर्ग हसला होता. इरफानही हसला होता.

त्या दुपारी इरफान माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. "झालं का बे? कॅन्टीनला चल की, लई भूक लागली."

मी आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं – एकशे चौसष्ट ओळी बदलल्या.

मला लगेच कळलं. यात संशयाला जागा ठेवत नाही. आणि उपायही माहीत होता. सरांनी सोमवारीच शिकवला होता – 'रोलबॅक' लिहा, सगळं होतं तसं परत येतं. 'कमिट' लिहिलंत की मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी नाही. म्हणजे एक शब्द लिहायचा होता. पण तो इरफानच्या डोळ्यांदेखत लिहायचा होता. त्याला रोलबॅकचा अर्थ कळत होता. कुणाच्या टेबलावर माझं काम चाललंय हे त्याला माहीत नव्हतं, पण माझं काहीतरी चुकलंय हे त्यानं ओळखलं असतं. तो काय म्हणाला असता? – 'कॉमर्सला जातो का मग?' एवढंच. याहून जास्त काही नाही.

मी कमिट लिहिलं. लॉगआउट केलं आणि त्याच्याबरोबर कॅन्टीनला गेलो. वडापाव खाल्ला.

अजून वेळ होता. वही तिच्याकडं होती. लॅब सकाळी आठला उघडायची, परीक्षा दहाला होती. संध्याकाळी एक फोन केला असता तर तिनं दोन तासांत सगळी नावं पुन्हा भरली असती – तिचा हात वेगाचा होता. मी फोन का केला नाही? विचार करून टाळला का? नाही. विचारच केला नाही. जेवलो, माझ्या ग्रंथालयाची उजळणी केली आणि झोपलो.

बाहेरून आलेले परीक्षक आधी जर्नल बघायचे. त्यात टेबलाच्या पहिल्या दहा ओळींची प्रिंट चिकटवलेली असायची. ती पडद्याशी ताडून बघायची पद्धत होती. लावण्याच्या प्रिंटमध्ये दहा ओळींत सात वेगवेगळी नावं होती. पडद्यावर एकच नाव होतं – पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

"हे अंबादास कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"माझे वडील, सर."

"वा! सोलापूरच्या सगळ्या चादरी वडिलांनीच काढल्या म्हणा की." ते मोठ्यानं हसले. मग जर्नल मिटून म्हणाले, "प्रिंट कुणाची आणली?"

इरफान पलीकडच्या मशीनवर होता. त्याचे नाना, म्हणजे आईचे वडील, त्याच कारखान्यात डिझाइनं काढायचे. टेबलात त्यांची अकरा होती. तो मान वळवून बघत होता. "आयला, माझ्या नानाचा मोर पण तुझ्या पप्पांनीच काढला व्हय?" या वेळी तो हसत नव्हता.

लावण्या म्हणाली, "सर, काल मी याला एक नाव टाकायला सांगितलं होतं."

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मला वेळच झाला नाही, सर. मी तिच्या टेबलाला हात लावला नाही."

हे ते वाक्य. आवाज नेहमीचा होता, शब्द स्पष्ट होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि – हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे – तिनं विश्वास ठेवला. वर्गात कधी न चुकणारा मी. ती हळूच म्हणाली, "मग माझ्याच हातून झालं असंल, सर."

ती प्रात्यक्षिकात नापास झाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसली आणि सुटली. मी पुढं शिक्षण संपवून वर्तमानपत्रात लागलो. इरफाननं घरी सांगितलं, त्याच्या नानांनी कारखान्यात. अंबादास कार्डं पाडायला बसले की कुणीतरी हाक मारायचं, "काय अंबादास, हे पण तुझंच का?" हे मला इरफाननंच सांगितलं. मी ऐकून घेतलं.

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या चादरींच्या डिझाइनांवर पान करायचं ठरलं. ते माझ्याकडं आलं. मी अंबादासांच्या घरी गेलो. त्यांनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. लावण्या आता हैदराबादला डेटाबेसचंच काम करते, असं त्यांनी सांगितलं. मग ट्रंकेतून वही काढून माझ्यापुढं ठेवली.

एकशे त्रेसष्ट नावं जागेवर होती. सत्तेचाळिसाव्या ओळीत लावण्याच्या अक्षरातलं नाव पेनानं खोडलेलं होतं. इतकं दाबून, की कागद फाटला होता.

मी विचारलं, "हे राघूंचं कुणाचं?"

"आठवंना बघा, साहेब," अंबादास म्हणाले. "लई जुनं हाय."

पान रविवारी छापून आलं. राघूंच्या चादरीचा फोटो मध्यभागी आहे. खाली ओळ आहे – 'रचनाकार अज्ञात'. ती ओळ मी लिहिली.