व्हॉल्व्हची वायर मी काढलेली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, दोन पेग जास्त झाले तेव्हाही नाही. तुला का सांगतोय? — माहीत नाही. आणि तू तो समजूतदार चेहरा करू नकोस, मला त्याची चीड येते.

विषय ऐकून हसशील. हस. एक पाणबुडी होती. खरी नाही, कॉम्प्युटर गेममधली. त्या गेममध्ये गाड्या, बोटी, विमानं सगळं आपणच बनवायचं असतं, इंजिनापासून वायरिंगपर्यंत, आणि चुकलं की बुडायचं. आम्ही चौघं होतो, कल्याण-डोंबिवलीतले, तिशीला टेकलेले, नोकरीवाले. रविवारी सकाळी डोंबिवलीला संकेतच्या घरी जमायचो. त्याची आई पोह्यांच्या बशा कीबोर्डच्या बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "बुडवा रे आता, काय बुडवायचंय ते."

संकेत कोलशेतला एका वर्कशॉपमध्ये फिटर. आयटीआय केलेला. मी इंजिनिअर, डिग्रीवाला. हे लक्षात ठेव, कारण माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतंच. माझ्या बोटी नीट चालायच्या, पण कुणी मागायचं नाही. संकेतने काही बनवून नेटवर टाकलं की कुठली कुठली अनोळखी माणसं ते डाउनलोड करायची, खाली लिहायची, क्या बनाया है भाई! मला? मला एकाने लिहिलेलं — रंग छान आहे. रंग! माझ्या पोटात दुखायचं, सरळ सांगतो.

मग त्याने ती छोटी डिझेल पाणबुडी बनवली. दोन माणसं मावतील एवढीच. पाण्यावर असताना डिझेलवर चालायची आणि बॅटरी भरून घ्यायची, खाली गेली की त्याच बॅटरीवर. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून वर डोकावणारी एक नळी, आणि नळीत व्हॉल्व्ह — तोंडाशी पाणी आलं की आपोआप बंद होणारा. सहा महिने घातले त्याने तिच्यात. सुंदर होती रे. मला ती बघवत नव्हती.

आमच्यात एक नियम होता. डिझाइन बाहेर जायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी तपासायचं. खोल बुडवायचं, वर आणायचं, ठीक असेल तर नावापुढे 'पास' लिहून फाइल परत द्यायची. पास झालेल्या फाइलला बनवणाऱ्याने हात लावायचा नाही, पुन्हा चालवूनही बघायची नाही. बघितली म्हणजे तपासणाऱ्यावर भरवसा नाही, असा अर्थ. बाकीचे हा नियम धाब्यावर बसवायचे. संकेत पाळायचा. आणि त्याच्या फाइली तपासायचो मी.

तेवढ्यात ठाण्यातल्या एका छोट्या ऑफिसने त्याला बोलावलं. जहाजावरच्या लोकांना शिकवायला कॉम्प्युटरवर जहाजं बनवणारं ऑफिस. डिग्री नको म्हणाले, एखादं काम आणा, समोर चालवून दाखवा. वर्कशॉपमधून सुटायला त्याला ती एकच वाट होती. मला येऊन सांगितलं त्याने. मी मिठी मारली त्याला. मारली! वर म्हटलं, पार्टी पाहिजे.

फाइल माझ्याकडे आली. मी चालवली. खोट नव्हती. एक तरी सापडावी म्हणून तासभर शोधत बसलो — नाही सापडली. मग मी त्या व्हॉल्व्हची वायर काढली. म्हणजे तो कायम उघडाच राहणार. पाण्यावर काही कळणार नाही, बुडी मारली की कळणार. दोन क्लिकचं काम. आणि 'पास' लिहून पाठवून दिली.

पुढचं त्यानेच सांगितलं. वरवर मस्त चालली, साहेब लोक खुर्च्या पुढे ओढून बघायला लागले. मग त्याने बुडी मारली आणि नळीतून धो धो पाणी आत. इंजिन बंद, पडद्यावरची दोन्ही माणसं मेली, पाणबुडी तळाला. कुणीतरी हसलं. ती नोकरी हातची गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. रविवारी त्याने मला विचारलं, "नित्या, वायर होती ना रे?" अगदी साधं विचारलं. संशयाने नाही. आणि मला एक गोष्ट माहीत होती. ऑफिसात दाखवायला जायच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच मला फोन केलेला, चोरी केल्यासारखा — पास झालेली फाइल उघडून त्याने पाणबुडीवर एक पिवळा पट्टा रंगवलेला. फक्त रंग रे, म्हणालेला.

मी बाकीच्या दोघांसमोर आवाज चढवला. "माझ्याकडून निघाली तेव्हा होती. पट्टा मारताना तूच उडवलीस. हात लावायचा नाही हे ठरलेलं ना?" रागावलो मी. त्याच्यावर! आणि तो — तो मलाच सॉरी म्हणाला. माझं 'पास' वाया घालवलं म्हणून.

याला काय म्हणायचं? जळकेपणा? हलकटपणा? तुला हवं ते नाव दे.

चार वर्षं झाली. संकेत त्याच वर्कशॉपमध्ये आहे. गेम तेव्हाच काढून टाकला त्याने. आता बोल्ट आवळला की पुन्हा सैल करून बघतो, मग शेजारच्याला बोलावून दाखवतो. सुपरवायझर शिव्या घालतो, नवीन मशीन त्याच्या हातात देत नाही. मला हे सगळं तोच सांगतो. हसत हसत सांगतो, माझा स्क्रूच ढिला आहे म्हणतो.

मागच्या महिन्यात त्याच्या घरी गेलेलो. स्वयंपाकघरात गॅस संपला. पल्लवी, त्याची बायको, म्हणाली, "अहो, सिलिंडर लावता का?" हा उठला, सिलिंडर ओढत ओट्यापाशी आणला, झाकण काढलं आणि थांबला. रेग्युलेटर माझ्या हातात दिला.

"तू लाव रे," म्हणाला. "माझ्या हाताचा भरवसा नाही, तुला माहितीये ना."

मी म्हटलं, हो. आणि लावला.