आईची कॅड्यूसिटी

भाचीच्या हळदीच्या आदल्या दिवशी दादाने मला सांगून टाकलं, "आई ह्या वेळी धवले गाणार नाही. तिला कॅड्यूसिटी झालीय."

माझा हा थोरला भाऊ अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑफिसर. मोबाइलवर नवनवे इंग्रजी शब्द शिकतो आणि घरच्यांवर वापरून बघतो. मी विचारलं, म्हणजे काय रे? तर म्हणे, "म्हातारपणी माणूस ढासळतं ना, ते." अरे मग थकली म्हण की! पण थकली म्हटलं की जवळ बसावं लागतं, पाय दाबून द्यावे लागतात. कॅड्यूसिटी म्हटलं की म्हातारीला मागच्या खोलीत बसवून डीजे सांगता येतो. असा संताप झाला माझा, मेल्याचं तोंड बघवेना.

मोरिवलीत आम्हां आगऱ्यांची हळद धवलारणीशिवाय लागत नाही. ती मांडवात बसून धवला सांगते, नवरा-नवरीची नावं त्यात गुंफते, आणि मागच्या बाया तीच ओळ जशीच्या तशी उचलतात. गावातल्या किती पोरींना आईच्या धवल्यांवर हळद लागली. आता नातीची हळद, आणि हिला म्हणे बाजूला बसवा!

दुसऱ्या दिवशी मी तिला लुगडं नेसवलं आणि हाताला धरून मांडवात आणलं.

"मना जमल ना गो?" ती घाबरली होती.

"तू बस. तुला कोण उठवतो तेच बघते."

दादा धावत आला. "तमाशा नको करूस. पाहुण्यांसमोर काहीतरी बरळेल ती."

"बरळू दे. तू रोज बरळतोस, आम्ही ऐकतोच ना?"

आईने सुरुवात केली. आवाज चिरका झाला होता, पण लागला. बायांनी ओळ उचलली. मग नावाची ओळ आली आणि आईने भाचीचं नाव घेतलंच नाही. माझं घेतलं. त्यापाठोपाठ माझ्या नवऱ्याचं. बाया क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या, पण धवलारणीची ओळ मोडायची नसते. सगळ्या मांडवाने माझं नाव गायलं.

मी कॅम्प चार ह्या सिंधी वस्तीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा मला हळद लावली ती सासूने. आई आली नव्हती. निघाली होती, पण ह्याच दादाने दाराला कडी घातली, आणि ती मुकाट आत बसली. ह्यावर ती कधी चकार शब्द बोलली नव्हती.

म्हणजे दादा खोटं बोलला नव्हता. डोकं ढासळलं होतं तिचं. मला रडू येत होतं आणि त्याचा गळाही धरावासा वाटत होता.

त्याने पुढे होऊन तिचा दंड पकडला. "आई, बास झालं. ऊठ."

आईने हात सोडवून घेतला.

"आज नाय आयकायची मी तुजं," ती म्हणाली. "माजे पोरीची हलद हाय."