पयले नोकराले सोडा

"पयले नोकराले सोडा, मंग बोला."

सिनेमा थांबला की काकूंचं हे पहिलं वाक्य. फोन त्या कणकेच्या डब्याला टेकवून ठेवायच्या. त्यामुळे पडद्यावरच्या त्यांच्या चौकोनात आम्हाला दिसायचा वरचा फिरता पंखा आणि खाली अर्धं कपाळ. काकू आज कोणावर चिडल्यात, हे आम्ही त्या कपाळावरच्या आठ्यांवरून ओळखायचो.

तुम्हीही हे जुने रहस्यपट पाहिले असतील. काळे-पांढरे. मोठा बंगला, जिन्याखाली कोणीतरी मरून पडलेलं. मग हातात कंदील घेतलेला म्हातारा नोकर येतो, कॅमेरा त्याच्या तोंडावर जातो आणि वाद्यं किंचाळतात. त्यानं काही केलेलं नसतं. फक्त कंदील धरलेला असतो. तरी इन्स्पेक्टर आधी त्यालाच दरडावतो आणि तो बिचारा अर्धा सिनेमा हात जोडून काढतो.

असले सिनेमे ऑनलाइन, सगळ्यांनी एकाच वेळी पाहायचे, असा आमचा ग्रुप. लॉकडाऊनमध्ये सुरू झाला आणि नंतरही दर रविवारी दुपारी चालू राहिला. वर्ध्यातले एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना सगळे सर म्हणत. सावंगीच्या एक डॉक्टर मॅडम होत्या. बाकी नागपूर-अमरावतीची दहा-बारा मंडळी. सिनेमा शोधून लावायचं काम माझं, कारण लॅपटॉपवर हात माझा बसलेला. आमच्या आंजी गावच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कोणी न विचारताच सांगते. आई लोकांच्या वावरात निंदणाला जायची, तेव्हा कुठे ती पायरी आली.

नियम एकच. शेवटचा भाग राहिला की मी सिनेमा थांबवायची. प्रत्येकानं आपला संशयित सांगायचा, कारणासकट. त्याशिवाय शेवट नाही.

एका रविवारी अशीच फेरी चालू असताना मॅडमच्या मागून, स्वयंपाकघरातून आवाज आला, "पयले नोकराले सोडा, मंग बोला." सगळे हसले. मॅडमही हसल्या. "आमच्या काकू. पवनारहून येतात स्वयंपाकाला." सर म्हणाले, "अहो, त्यांना घ्या की ग्रुपमध्ये! मजा येईल." मजा. तेव्हा तो शब्द मला टोचला नव्हता.

पुढच्या वेळेपासून काकू स्वतःच्या घरून, स्वतःच्या फोनवर हजर. कणकेचा डबा, पंखा, कपाळ.

त्यांचा अंदाज कधी बरोबर आला असेल तर शपथ. त्यांचा संशय वकिलावर, नाहीतर हॅटवाल्या पुतण्यावर, नाहीतर डॉक्टरवर.

"डॉक्टर काऊन, काकू?"

"लय गोड बोलते थो. घरच्या मानसासंग येवढं गोड कोनी बोलते का?"

डॉक्टर निर्दोष निघायचा. काकू म्हणायच्या, "असन बाप्पा. पन ध्यान ठेवजा त्याच्यावर."

एकदा तर नोकरच खुनी निघाला. आम्ही काकूंची काय टर उडवली! सरांनी विचारलं, "आता काय म्हणता, काकू?" कपाळ फोनच्या जवळ आलं. मग म्हणाल्या, "पुऱ्या सिनेमात तुयं जेवन झालं का म्हनून त्याले एकानं तरी इचारलं का?" परत सगळे हसले. मी मागे जाऊन तो सिनेमा पुन्हा पाहिला. खरंच, कोणी विचारलं नव्हतं.

पुढे आमची गट्टी जमली. मी पवनारला त्यांच्या घरी गेले की उकडलेल्या तुरीच्या शेंगा समोर ठेवून त्या मला पुढच्या सिनेमाची गोष्ट विचारायच्या. मी खुनी सांगायला लागले की कानावर हात. "नोको सांगू वो! नोकर सुटते का नाई, तेवढंच सांग."

मग तो रविवार आला. काकूंचा चौकोन दिसेना. मी म्हटलं, "काकू यायच्यात. थांबू या का?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना ग्रुपमधून काढलंय."

त्यांच्या वडिलांचं मनगटी घड्याळ कपाटातून गेलं होतं. वडील वारलेले, घड्याळ हीच आठवण. सांगताना त्यांचे डोळे भरले, ते खोटं नव्हतं. "घरात बाहेरचं माणूस एकच येतं," त्या म्हणाल्या. "कामावरून कमी केलं त्यांना."

"घेताना पाहिलं का कोणी?" मी विचारलं.

"पाहायला कशाला लागतं?"

मला वाटलं, आता सर बोलतील. दर रविवारी 'पुरावा, पुरावा' करून आमचे कान किटवणारा माणूस. सर बोलले. "तर्क लावला तर संधी कोणाला होती, हा पहिला प्रश्न." कोणीतरी म्हणालं, "म्हणजे काकूंचा सिद्धांत पडला म्हणायचा!" आणि खाली हसऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली.

तुम्हीच सांगा, या लोकांना काय म्हणायचं? पडद्यावरचा कंदीलवाला म्हातारा निर्दोष आहे, हे यांना पहिल्या दहा मिनिटांत कळायचं. परक्या काळातल्या परक्या माणसाला हे बरोबर ओळखायचे. आणि जी बाई दर रविवारी यांच्यासोबत बसली, हसली, जिचं कपाळ यांना पाठ होतं, तिला ओळखता येईना.

"सर, पहिला संशयित कधीच खरा नसतो, असं तुम्हीच म्हणता ना?"

"अहो, तो सिनेमा आहे."

"हा आमच्या घरातला मामला आहे," मॅडम म्हणाल्या.

"घरातला होता तर इथं काऊन सांगितला?" चिडले की मी आंजीच्या बोलीवर येते. मला त्याची लाज नाही.

"जाऊ द्या हो, सिनेमा लावा," सगळे म्हणाले. मी लावला. बंगला आला, जिना आला, कंदील आला. शेवटचा भाग राहिला तेव्हा नेहमीसारखा थांबवला.

"सांगा तर मग," सर हात चोळत म्हणाले. "माझा संशय..."

"पयले काकूले सोडा," मी म्हटलं. "मंग शेवट."

त्यांना वाटलं, मी गंमत करते. गंमत नाही हे कळलं, तेव्हा जो आरडाओरडा झाला! "शेवट दाखवा!" "दीड तास घालवला आम्ही!" सर म्हणाले, "आमचा रविवार खराब करू नका." एका बाईच्या हातचं काम गेलं, नाव गेलं, त्याचं यांना काही नाही. खुनी कोण, हे कळलं नाही म्हणून जीव कासावीस. मी लॅपटॉप मिटला. तो शेवट मी त्यांना दाखवला नाही, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

ग्रुप मात्र सोडला नाही. म्हटलं, भांडायला कोणीतरी आत पाहिजे.

काही आठवड्यांनी मॅडमचा मेसेज आला. "घड्याळ मिळालं! ह्यांनीच पट्टा बदलायला दिलं होतं आणि विसरले. कमाल आहे ना?" खाली टाळ्या. फुलं. सरांनी लिहिलं, "वा! अनपेक्षित शेवट!"

मी वरपासून खालपर्यंत शोधलं. काकूंचं नाव एकानंही घेतलं नव्हतं.

मी लिहिलं, "आणि काकू?" उत्तर ग्रुपवर आलं नाही, मला एकटीला आलं. "बोलावलंय ना त्यांना परत कामावर. अजून काय करायचं?" संध्याकाळी मॅडमनी काकूंना पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. काकू लगेच बाहेर पडल्या. मग मीही पडले. आता सिनेमा सर लावतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी पवनारला गेले. काकू नुकत्याच नव्या कामावरून आल्या होत्या. मॅडमच्या मजल्यावर आणखी ज्या घरी त्या स्वयंपाक करायच्या, तीही सुटली होती. चोरीची गोष्ट जिन्यानं फिरते, तिला लिफ्ट लागत नाही. आता वर्ध्यात एका मेसमध्ये उभ्यानं पोळ्या लाटतात. रविवारीही सुट्टी नाही.

"ये पोरी. शेंगा नाई आज, चहा घे."

"काकू, घड्याळ सापडलं."

"मालूम हाय. फोन आलता. मनावर घेऊ नका, उद्यापासून येजा म्हने."

"माफी मागितली?"

काकूंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. "माही पिशवी त्यायनं दारात उपडी केली. डब्बा, चष्मा, समदं खाली. समोरची बाई दार उघडून पाहून राह्यलती. आता घडी सापडली, हे त्या बाईले कोन सांगन?"

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी तर कोणीच नाही.

"मी येते तुमच्यासंग," मी म्हटलं. "त्याच दारात उभं राहून सगळ्यांसमोर बोलायला लावू त्यायले."

"तू बोलजो, तुले बोलता येते," काकू म्हणाल्या. "मी नाई येत. ज्या घरात माही पिशवी तपासली, त्या घराले माह्या हातची पोळी नाई." कपाळावर आठ्या होत्या. या वेळी मला पूर्ण चेहरा दिसत होता. एवढा चिडलेला चेहरा मी कोणत्याच सिनेमात पाहिला नव्हता.

निघताना लक्ष गेलं. फोन अजून त्याच डब्याला टेकवलेला होता.

"सिनेमे पाहता का अजून?"

"पाहते ना, जमन तसा. पन नोकर सुटला का बंद करते. माहा सिनेमा तिथंच संपते."

"आणि खुनी? तो कोण ते पाहायचं नाही?"

"त्यात का पाहाचं?" काकूंनी कप उचलला. "असन कोनीतरी घरातलाच."