वार कुणाची?

शालूवन्सं गेल्याचा फोन धारहून आला, तेव्हा मी देवासच्या घरी पोहे भिजवत होते... महिनाभरानं इथल्या मंडळात शोकसभा झाली. अध्यक्ष त्यांना ‘देवासची शान’ म्हणाले. याच गृहस्थांनी पूर्वी गणेशोत्सवातलं त्यांचं व्याख्यान नाकारताना मला सांगितलं होतं, “वहिनी, समोर बायका-मुलं असतात, तिथे वारेवर काय बोलायचं? अच्छा नहीं लगता.” आता हार घालताना त्यांचा गळा दाटून आला. असले गळे कधीही दाटतात.

शालूवन्सं माझी धाकटी नणंद. धारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि सुट्ट्यांत इंदूरच्या प्रयोगशाळेत वारेच्या पेशींवर काम करायच्या. बाळंतपणानंतर लोक जी पुरून टाकतात, ती वार त्या बर्फाच्या डब्यातून न्यायच्या. आमच्या सुशिक्षित घराला याची किळस होती.

नव्वदीच्या दशकात माझे दोन गर्भ गेले. दुसऱ्या वेळी पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, “जमीनच नापीक, बी काय करणार.” वन्सं मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आई, वार बाईची नसते, बाळाची असते. तिच्यात अर्धा वाटा दादाचा.” त्यांनी पुढची शेंग फोडली. “तिच्या पेशींच्या केंद्रकात रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. ठरावीक हार्मोन, ठरावीक स्निग्ध द्रव्यं त्यांना येऊन चिकटली, की कोणती जनुकं चालू करायची ते ठरतं. मग पेशी गर्भाशयात रुजतात, बाळाला रक्त पोचवायची वाट करतात. यात बिघाड झाला तर वार नीट रुजत नाही. वहिनीच्या बाबतीत काय झालं ते मला ठाऊक नाही. तुला कसं कळलं?”

आमचे हे गुपचूप गच्चीवर निघून गेले. त्यांचा पुरुषार्थ तेवढाच.

पुढे मला मुलगी झाली. सासूबाईंनी श्रेय टेकडीवरच्या देवीला दिलं. वन्संनी आधी बाळ पाहिलं, मग नर्सकडून वार मागून घेतली. बराच वेळ ती उलटसुलट न्याहाळत राहिल्या. “छान रुजली होती, वहिनी,” म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

परवा धारला त्यांची खोली आवरायला गेलो. सासूबाईंनी आधी गोमूत्र शिंपडलं, मग रडल्या. त्याच क्रमानं... खिडकीशी वन्संचा मायक्रोस्कोप होता. मी डोळा लावला. काचपट्टीवर वारेचा काप, जांभळ्या रंगात, पेशी एकमेकींना बिलगलेल्या. मागून सासूबाई म्हणाल्या, “हात धुऊन घे गं.”

मी दुसरी काचपट्टी लावली.