रविवारचे चार मैल

आमच्या घरी रविवारी चूल पेटत नसे. भात, कालवण, भाकऱ्या सगळं शनिवारी संध्याकाळी करून झाकून ठेवलेलं असायचं. रविवारी ते गारच गिळायचं. गृहपाठ राहिला असेल तर सोमवारी छड्या खायच्या, पण रविवारी वहीला हात लावायचा नाही. बसवनगुडीतल्या आमच्या शेजारच्या अक्का, कित्येक पिढ्यांपासून इथे कानडी मुलखात मुरलेल्या मराठी घरातल्या, कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "आमचं सोवळं परवडलं की गं! तुमच्यात चुलीलापण सुट्टी?" मला हसू यायचं. बाबांना येत नसे.

बाबांचा शब्बाथ, म्हणजे प्रभूचा विसाव्याचा दिवस, एवढ्यावर भागत नव्हता. आपण काम करायचं नाही, तसं आपल्यासाठी दुसऱ्यालाही राबवायचं नाही. माणसाला नाही आणि जनावरालाही नाही, हा त्यांच्या लेखी बायबलातल्या चौथ्या आज्ञेचा अर्थ. म्हणून रविवारी बस वर्ज्य, कारण ड्रायव्हर-कंडक्टर कामावर असतात. बस काही आपल्यासाठी सुटत नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "सगळेच असं म्हणतात, म्हणूनच सुटते," बाबा म्हणाले. त्यांना दर वेळी उत्तर सुचायचं, याचाही मला राग यायचा.

मराठी उपासना व्हायची कंटोन्मेंटातल्या एका चर्चमध्ये, दुपारी. घरापासून चार मैल. बाबा पुढे, छत्री काखेत, मागे आई, आणि तिच्या मागे फुरंगटलेली मी. लालबागेच्या दारात शेंगा भाजत असायच्या. त्या घ्यायच्या नाहीत हे सांगावं लागत नसे, पण वास घ्यायला बंदी नव्हती.

आई मात्र त्या चार मैलांची आठवडाभर वाट बघायची. ती बेळगावकडची. कन्नड तिला बाजारापुरतं यायचं. अक्कांचं मराठी तिला निम्मं कळायचं. चर्चमध्ये तिच्या गावाकडच्या चार बायका होत्या. उपासनेनंतर त्या पायरीवर बसून बोलायच्या, आणि तेव्हाचा आईचा आवाज मी घरी कधी ऐकला नाही.

मी बारा वर्षांची असताना आईला धाप लागायला लागली. पाय सुजायचे. डॉक्टर इंग्रजी आणि कन्नड बोलायचे, म्हणून दुभाषी मी. ते म्हणाले, हृदयाची झडप अधू झाली आहे. ओझं, जिने, लांबचं चालणं एकदम बंद. दिवसभर पडून राहायला सांगा. मी आईला सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"चालण्याचं तेवढं ह्यांना सांगायचं नाही बघ. मला घरी बसवतील."

"पण आई..."

"सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

बाकी सगळं बाबांना सांगितलं. घरकामाला बाई आली, आई सहा दिवस अंथरुणावर पडून राहायची. सातव्या दिवशी उठून उपासनेची पांढरी साडी नेसायची आणि चालायची. बाबांना वाटायचं, प्रभू तिला त्या दिवसापुरतं बळ देतो. मला ठाऊक होतं ती कशी चालते ते. मी मागून तिचा श्वास ऐकत असायची. प्रार्थनेत डोळे मिटले की माझ्या मनात एकच यायचं, आता परत चार मैल.

असे पाच-सहा रविवार गेले. मग एकदा लालबागेच्या कठड्यावर ती मटकन बसली. ओठ काळेनिळे पडलेले. बाबा तिला छत्रीनं वारा घालायला लागले आणि माझा बांध फुटला. भर रस्त्यात मी बाबांवर ओरडले, "डॉक्टरांनी चालायला बंदी केलीय! मरेल ती तुमच्या शब्बाथापायी!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं मान खाली घातली. समोरून बस येत होती. बाबांनी रस्त्यात जाऊन हात वर केला. तिघांची तिकिटं त्यांनीच काढली. त्या दिवशी आम्ही बसनं घरी आलो.

मला वाटलं, सुटलो. आता दर रविवारी बस! पण बाबा म्हणाले, "मेंढरू खाचेत पडलं तर शब्बाथ असला तरी काढावं. पण दर आठवड्याला त्याला खाचेकडे न्यायचं का?" आणि पुढच्या रविवारपासून उपासना घरीच सुरू झाली. बाबा वाचायचे, गीत सुरू करायचे, मी ओढूनताणून सूर लावायची. आई पांढरी साडी नेसून खुर्चीत बसायची. गात नसे. माझ्याशी बोलतही नसे. तिनं शब्द खरा केला.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाबा प्रार्थनेत म्हणाले, "हे पित्या, या विसाव्याच्या दिवसाबद्दल तुझे उपकार."

"मी सहा दिवस विसावाच घेते," आई म्हणाली. "सातवा तेवढा माझा होता."

बाबांनी आमेन म्हटलं नाही. प्रार्थना तशीच अर्धी राहिली.

पुढच्या शनिवारी ते नाक्यावरच्या जटकावाल्या म्हाताऱ्याशी बराच वेळ बोलत उभे होते. घोड्याला विश्रांती कधी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "जुम्मे को छुट्टी, साब. उसको भी, मेरे को भी," म्हातारा म्हणाला. रविवारी जटका दारात आला. बाबांनी आईला हात देऊन चढवलं, मला बसवलं, आणि स्वतः छत्री उघडून मागून चालायला लागले. मी म्हटलं, "बाबा, बसा ना!" ते म्हणाले, "मला कुठं धाप लागते?"

आई मागे तोंड करून बसली होती. घोडा पुढे गेला की बाबा लहान होत जायचे. तशी ती जटकावाल्याला म्हणायची, "स्वल्प निधान." जरा हळू. तिला येणाऱ्या मोजक्या कन्नडातले ते दोन शब्द चार मैलांत तिनं किती वेळा वापरले, सांगता येत नाही. म्हातारा कुरकुरत लगाम ओढायचा. परत येताना ती माझ्याशी बोलली. काहीतरी साधंच, साडीच्या काठाबद्दल.

ते दीड वर्ष चाललं. मग आई गेली.

त्यानंतर बाबा पुन्हा पायी जायला लागले आणि मी बसनं. मुद्दाम. त्यांनी अडवलं नाही, त्यामुळे मला आणखीच चेव आला. लालबागेपाशी दर रविवारी बस त्यांना मागे टाकायची. काखेत छत्री, मान थोडी वाकलेली. ते बसकडे बघत नसत. मी खिडकीतून बघायची, ते दिसेनासे होईपर्यंत.

उतरून त्यांच्यासोबत चालता आलं असतं. तिथे स्टॉपही होता. मी एकदाही उतरले नाही.