अर्ध्या जबड्याचा मुकादम

आमच्या खंडाळ्याच्या रेल्वे गँगमध्ये किस्से खडीसारखे पडलेले असतात. वाकलं की एक हाताला लागतोच! निम्मे म्हाताऱ्यांच्या मूर्खपणाचे. मी शाळा सोडली, तेव्हा हेच मला अक्कल शिकवायला आले होते!

आमचे मुकादम किसनभाऊ. तंबाखूनं गालाचा कॅन्सर झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी अर्धा जबडा काढला, रेडियम लावलं. सहा महिन्यांनी भाऊ कामावर हजर! पण सगळ्यांनी एकदम जोर लावून रूळ उचलायला मुकादमाची हाक लागते, आणि भाऊंच्या तोंडून निघते नुसती हवा. साहेबानं बजावलं, "शनिवारी बघतो. रूळ उचलला नाही, तर मुकादम सदूआबा!"

*

पहिल्या दिवशी गँगमधले म्हातारे सदूआबा भाऊंच्याच खोक्यावर बसलेले. भाऊंना बघून दचकले.

"अरं किसन, तू? आमी तर तुझ्या नावानं अर्धा दिस काम बंद ठेवलंतं!"

भाऊ फाटक्या आवाजात म्हणाले, "मग आता भरून काढा. उठा!"

*

भाऊंचा चहा वेगळ्या करवंटीत. का, तर रोग लागतो! फर्मान अर्थात आबांचं.

भाऊ शांतपणे म्हणाले, "आबा, ह्यो उष्ट्यानं लागत न्हाई. डॉक्टर म्हनला, तंबाखूनं लागतो."

आबांच्या गालात तेव्हा भलीमोठी चिमूट! आमच्यासमोर थुंकायची लाज वाटली, म्हणून गिळून टाकली. संध्याकाळपर्यंत उचक्या!

*

गार्डाच्या घड्याळाचे काटे रेडियमनं अंधारात चमकतात, एवढं विज्ञान आबांना ठाऊक. बोगद्यात शिरताना म्हणाले, "कंदील कशाला? किसनच्या गालाला रेडियम हाय की!"

दहा पावलांवर धाडकन आवाज. आबा खडीवर आडवे!

मागून भाऊ म्हणाले, "माफी करा आबा, वात वर करायची राहिली!"

*

शनिवारी साहेब आला. आम्ही सगळ्यांनी रुळाला उचलायचे लोखंडी चिमटे लावले. आबाही शेवटच्या चिमट्याला, गालातल्या गालात हसत.

साहेब म्हणाला, "हं, द्या हाक."

भाऊंनी छाती भरून घेतली. तोंड उघडलं. हुस्स! साहेबानं खिशातून पेन्सिल काढली.

भाऊंनी तोंड मिटलं आणि डावी भुवई वर केली.

रूळ वर! एका दमात!

साहेबाची पेन्सिल थांबली. "बस, बस. ठेवा खाली."

कुणी हललं नाही.

"अरे, खाली ठेवा!"

भाऊ समोर डोंगराकडे बघत होते. भुवई वरच. आमचे हात थरथरू लागले, पण चिमटा कुणी सोडला नाही.

शेवटी रांगेच्या टोकाकडून आबा किंचाळले, "ओ मुकादम! भुवई खाली घ्या की!"